शाळेच्या सहलीसाठी तंबू घेताना

(शालेय पदभ्रमण-पथकांच्या प्रमुख शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तंबू या विषयावर बोलण्यासाठी प्रसिद्धी खात्याच्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. मी गिर्यारोहक नाही. कला शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य वृत्तपत्रटिपणे लिहिण्यात आणि समारंभांची छायाचित्रे काढून घेण्यात गेले आहे. परंतु खात्याच्या कामानिमित्त गेली अनेक वर्षे मी शाळांच्या शिबिरांबरोबर सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांच्या डोंगरभागात हिंडत आलो आहे. त्यातील एका रात्रीने मला तंबूंविषयी शिकावयास भाग पाडले. त्या रात्रीची हकीगत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या अखेरीस एका शाळेच्या पथकाबरोबर मी घाटमाथ्यावर गेलो होतो. मुले चौतीस आणि शिक्षक तीन. तंबू नवे कोरे होते. ते शाळेने सर्वांत कमी दराच्या दरपत्रकावरून घेतले होते आणि पिशवीवर 'वॉटरप्रूफ' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. सायंकाळी मी त्यांची छायाचित्रे घेतली. निळे, केशरी तंबू सड्यावर ओळीने उभे असलेले फार शोभिवंत दिसत होते. रात्री साडेदहाच्या सुमारास अवकाळी पाऊस आला आणि त्यासोबत वारा आला. अर्ध्या तासात त्या तंबूंची कापडे अंगाला चिकटली, शिवणींतून धार लागली, दोन तंबूंचे दांडे मोडले आणि एक तंबू आतील सामानासह उलटला. सड्यावर मेखा शिरल्याच नव्हत्या. सायंकाळी त्या उभ्या दिसल्या, एवढेच.

मुलांना घेऊन आम्ही अंधारातून खालच्या वाडीवर गेलो. तेथील लोकांनी देवळाचा मंडप उघडून दिला, चूल पेटवली, घरातील कांबळी आणून दिली. सातवीतील एक मुलगा इतका गारठला होता, की त्याला स्वतःच्या सदऱ्याची बटणे काढता येईनात आणि नाव विचारले तर तो नुसता पाहत राही. तेथील एका वृद्ध बाईंनी त्याचे ओले कपडे काढून त्याला कांबळीत गुंडाळले आणि चुलीजवळ धरून बसल्या. तासाभराने तो बोलू लागला. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात येऊन टिपण लिहिले, 'शिबिर उत्साहात संपन्न झाले.' ते दोन वृत्तपत्रांत छापूनही आले. आज आपणांसमोर उभा राहण्याचे खरे कारण ते टिपण आहे.

हिवाळ्यात बर्फ पडतो तेथेच माणूस गारठतो, असा आपला समज असतो. अंग भिजलेले, वारा सुटलेला आणि मूल कृश असेल, तर पंधरा-वीस अंश तापमानातही शरीराची ऊब झपाट्याने जाते. म्हणून आपल्या प्रदेशापुरता तंबूचा विचार मी एकाच प्रश्नापासून सुरू करतो. हा तंबू आतील माणसाला रात्रभर कोरडे ठेवील का? थंडी, ऊन, वारा, कीटक यांचा विचार त्यामागून येतो.

आता 'सर्व ऋतूंत चालणारा तंबू' म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. दुकानात तंबूंचे 'तीन ऋतूंचे' आणि 'चार ऋतूंचे' असे दोन वर्ग सांगतात. हे ऋतू आपल्या पंचांगातील नव्हेत, ते थंड देशांतील हिशेबाचे आहेत. त्यांचा चौथा ऋतू म्हणजे बर्फाचा हिवाळा. चार ऋतूंच्या तंबूला दांडे अधिक, कापड जाड, जाळी थोडी, आणि अंगावर साचलेल्या बर्फाचा भार पेलण्याची ताकद असते. स्वाभाविकच तो जड, महाग आणि आपल्या हवेत भट्टीसारखा तापणारा असतो. चार हा आकडा तीनाहून मोठा, म्हणून चार ऋतूंचा तंबू अधिक चांगला, असे समजून एका संस्थेने तसे तंबू घेतल्याचे मी पाहिले आहे. एप्रिलमध्ये त्यात कोणी निजू शकत नाही आणि डिसेंबरमध्ये सकाळी आतून पाणी टपकते. कोणी म्हणेल, आमची मुले पुढेमागे हिमालयातही जातील. जाऊ द्यात, अवश्य जावीत. परंतु युथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थांच्या मोहिमांत मुक्कामाचे तंबू आयोजकांनीच उभारलेले असतात. मनालीची किंवा उत्तरकाशीची गिर्यारोहण संस्था आपल्या प्रशिक्षणार्थींना साहित्य पुरवते. त्या एका सहलीसाठी शाळेने हिमाचा तंबू कोठीत बाळगण्याचे कारण नाही.

आपल्याला हवा तो तीन ऋतूंचा, दुहेरी तंबू. दुहेरी म्हणजे आत एक हलकी राहुटी, तिच्या भिंती बव्हंशी जाळीच्या आणि तळ पाणी न शिरणाऱ्या कापडाचा, आणि वरून एक स्वतंत्र आच्छादन. या आच्छादनाला दुकानदार 'फ्लाय' म्हणतात. तंबूची बहुगुणी वृत्ती या दोन भागांच्या वेगळेपणात आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्र निरभ्र असेल तर फ्लाय काढून ठेवावा आणि नुसत्या जाळीत निजावे, वाराही लागतो आणि डासही लागत नाहीत. पाऊस आला की तो वर चढवावा. थंडीत तो चढवून वरचे झरोके तेवढे उघडे ठेवावेत. शेतकऱ्याची कांबळ पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर आणि दुपारी अंगाखाली असते, तसेच हे आहे.

परंतु फ्लाय या नावाने जे विकले जाते त्यात मोठी फसगत आहे. स्वस्त तंबूंना वर केवळ एक टोपी असते. ती घुमटाचा माथा झाकते आणि भिंती उघड्या टाकते. उभा पडणारा पाऊस ती अडवते, परंतु घाटमाथ्यावरचा पाऊस उभा पडत नाही, तो आडवा येतो. म्हणून फ्लाय चारही बाजूंनी खाली, जमिनीपासून चार-सहा बोटांपर्यंत आला पाहिजे. आमच्या त्या रात्रीचे तंबू असेच टोपीवाले होते. ही एकच गोष्ट दुकानात उभ्याउभ्या डोळ्यांनी पाहता येते. तिच्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

कापडाची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. तेथे एक आकडा विचारावा लागतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून तो किती उंच झाल्यावर पाणी पाझरू लागते, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. १५०० मिलिमीटर हा वरच्या आच्छादनासाठी सर्वसाधारण खालचा टप्पा मानला जातो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. या दोन आकड्यांचा परस्परांशी संबंध नाही, हे सांगून ठेवतो, कारण एका सभेत मला तसा प्रश्न विचारला गेला होता. स्तंभाचा आकडा दाबाचा आहे, पावसाच्या प्रमाणाचा नाही. तळाच्या कापडाचा आकडा मात्र वरच्याहून जास्त, ३००० किंवा त्यापुढे असावा. वरून पडणाऱ्या थेंबाच्या दाबापेक्षा ओल्या जमिनीवर टेकलेल्या गुडघ्याचा दाब कितीतरी अधिक असतो. तळ काठावर चार-सहा इंच वर वळलेला हवा, म्हणजे परातीसारखा. सपाट तळाच्या शिवणी जमिनीलगत येतात आणि वाहते पाणी नेमके तेथून आत शिरते.

आकडा कितीही मोठा असला तरी सुईने पाडलेली भोके उरतातच. म्हणून शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. नखाने हळूच खरवडून ती सुटते का ते पाहावे. सिलिकॉनचा लेप दिलेल्या कापडावर अशी पट्टी बसत नाही. तेथे शिवणींना सिलिकॉनचाच लेप हाताने द्यावा लागतो. तो कोणी द्यावयाचा, विक्रेत्याने की आपण, हे आधी विचारून घ्यावे.

नायलॉन की पॉलिएस्टर, हा वाद मी फार लांबवणार नाही. नायलॉन वजनाच्या मानाने बळकट, परंतु ओले झाले की सैल पडते आणि रात्री उठून तणावे ओढावे लागतात. पॉलिएस्टर पावसात कमी लोंबते आणि उन्हातही जास्त टिकते. पाठीवरचा एकेक छटाक मोजणाऱ्या हौशी प्रवाशाने नायलॉन घ्यावे. शाळेसाठी माझे मत पॉलिएस्टरच्या बाजूने आहे. मुले झोपेत तणावे ओढणार नाहीत.

आता सड्याकडे वळतो. आपल्या भागातील जांभ्याचे सडे म्हणजे तंबूवाल्याची कसोटी. वर बोटभर माती, खाली खडक. मेख वाकते, तुटते, किंवा वर सांगितल्याप्रमाणे उभी राहिल्याचे ढोंग करते. काही तंबू असे असतात, की मेखांच्या ताणावाचून ते उभेच राहत नाहीत. बोगद्याच्या आकाराचे लांबट तंबू त्यातले. ते प्रशस्त असतात, मऊ माळावर उत्तम, परंतु सड्यावर निरुपयोगी. आपल्याला स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू हवा. वजनाने हलका आणि वाऱ्याला न जुमानणारा असा घुमटी तंबू ही तशी अलीकडचीच गोष्ट. बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटरचनेच्या धर्तीवर 'द नॉर्थ फेस' या अमेरिकन कंपनीने १९७५ साली तंबू काढला आणि पुढे जगभर ती तऱ्हा पसरली. तथापि स्वतः उभा राहतो म्हणजे वाऱ्यात उडत नाही, असे नव्हे. उलटा पडलेला आमचा तंबू घुमटीच होता. मेख जात नसेल तेथे तणाव्याचे टोक डोक्याएवढ्या दगडाला बांधावे आणि त्यावर दुसरा दगड ठेवावा. फ्लायला मध्यावर तणावे बांधण्याच्या कड्या आहेत की नाहीत, हेही विकत घेतानाच पाहावे.

दांडे अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असावेत. फायबरग्लासचे दांडे स्वस्त आणि जड असतात. ते मोडताना उभे चिरतात आणि त्यांची कुसळे मुलांच्या हातात जातात. त्या रात्री देवळात बसून एका शिक्षिकेने कंदिलाच्या उजेडात ती कुसळे सुईने काढली. दांडा मोडलाच तर त्यावर सरकवण्याची एक वीतभर नळी चांगल्या तंबूबरोबर येते. ती पिशवीच्या तळाशी कायमची ठेवावी.

वजनाचा विचार आपले पूर्वज करीत नव्हते, कारण त्यांचे तंबू उंटांवर आणि बैलांवर लादलेले असत. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. कला शाखेच्या माणसाला ती वाचण्याचा मोह आवरत नाही. आपल्या मुलांपाशी उंट नाही. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर अन्न, पाणी, अंथरूण धरून आठ किलोंहून अधिक भार नसावा, असे मी मानतो. त्या हिशेबाने तंबूचा वाटा माणशी एक किलोच्या आसपास राहिला पाहिजे. तीन माणसांचा तीन-साडेतीन किलोंचा तंबू तिघांत वाटावा, एकाकडे कापड, एकाकडे फ्लाय, एकाकडे दांडे आणि मेखा. आणि 'तीन माणसांचा' हे शब्द फार विश्वासाने घेऊ नयेत. त्यात तीन माणसे खांद्याला खांदा लावून मावतात, पिशव्या बाहेर राहतात. तीन मुले नीट मावतील, शिक्षक असतील तर दोनच. लांबीही मोजावी. उंच माणसाचे पाय ओल्या भिंतीला टेकले की सकाळपर्यंत पांघरूण भिजते.

पिशव्या आणि बूट कोठे ठेवावयाचे? फ्लाय दाराशी पुढे आलेला असेल तर तेथे लहानशी ओसरी मिळते. तंबूला दोन दारे आणि दोन ओसऱ्या असणे ही चैन नव्हे. समोरासमोरच्या दारांमुळे वारा खेळतो. आता हा वारा कशाला हवा, ते पाहा. निजलेली तीन माणसे रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून तीन-चार पेले पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. डिसेंबरच्या निरभ्र रात्री फ्लाय गार पडतो आणि ती वाफ त्याच्या आतल्या अंगावर थेंब होऊन बसते. सकाळी मुले म्हणतात, 'गुरुजी, तंबू गळतो.' तंबू गळत नसतो. थेंब शिवणीपाशीच असतील तर गळती, सर्वत्र सारखे पसरले असतील तर तो आपलाच श्वास, अशी साधी ओळख आहे. थंडी वाजते म्हणून सर्व झरोके बंद केले की हे पाणी वाढते. झरोके उघडे ठेवून अंगावर एक पांघरूण अधिक घ्यावे. इकहेरी तंबूत हेच थेंब थेट अंगावर पडतात, म्हणून तो कितीही हलका असला तरी आपल्या दमट हवेत मी त्याची शिफारस करीत नाही.

जाळी आणि चेन यांच्याकडे आपण डासांपुरतेच पाहतो. सत्तरीतील ग्रामस्थ येथे आहेत, त्यांना वेगळे सांगावयास नको. माकडतापाचा विषाणू प्रथम १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला आणि २०१५ साली सत्तरी तालुक्यात त्याने माणसे दगावली. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि त्या गोचिडी डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमक्या आपल्या सहलींच्या दिवसांत, अधिक असतात. शिवलेला तळ आणि पूर्ण मिटणारी चेन असलेला तंबू पाचोळ्यावर पसरलेल्या ताडपत्रीपेक्षा निश्चित बरा. परंतु तंबू हे त्यावरील औषध नव्हे. ज्या परिसरात मेलेली माकडे आढळली असतील तेथे मुक्कामच करू नये, आणि निघण्यापूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये, हेही ओघाने सांगतो.

तंबू काय करू शकत नाही, याची आणखी दोन उदाहरणे देतो. विजांपासून तो मुळीच संरक्षण देत नाही. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये ढग गडगडू लागले की उघडा सडा सोडून पक्क्या इमारतीत जावे. आणि आत स्टोव्ह पेटवू नये. कापड पेट घेते ते दिसते, परंतु बंद तंबूत साचणारा विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

आता खरेदीविषयी. सरकारी आणि अनुदानित शाळांत कमीत कमी दर स्वीकारण्याची पद्धत आहे. मी तिला दोष देत नाही, सार्वजनिक पैसा जपूनच वापरला पाहिजे. परंतु दरपत्रक मागवताना आपण 'तंबू, नग बारा' एवढेच लिहितो आणि मग बारा टोप्या घरी येतात. दुहेरी, फ्लाय जमिनीलगत, शिवणींना पट्टी, तळाचा आकडा, दांड्यांची धातू, वजन आणि दोन दारे एवढे त्या कागदावर लिहून मग सर्वांत कमी दर घ्या. बारा नगांची ऐपत नसेल तर सहा घ्या आणि पथक लहान करा. शक्य असेल तेथे दोन-तीन शेजारच्या शाळांनी मिळून संच घ्यावा. तो वर्षातून किती रात्री वापरला जातो याचा हिशेब मांडला, तर मला वाटते कोणाचीही हरकत राहणार नाही.

आणि घेतलेला तंबू मारतो कोण? पाऊस नव्हे, कोठी मारते. शिबिरावरून परतल्यावर ओला तंबू पिशवीत कोंबून पत्र्याच्या पेटीत ठेवला जातो आणि पुढच्या वर्षी उघडला की बुरशीचा भपकारा येतो. कापडाला दिलेला पॉलियुरेथेनचा लेप दमट जागेत विरघळल्यासारखा चिकट होतो, मग त्याचे आकडे कागदावरच राहतात. वर्गाच्या वऱ्हांड्यात दोरीवर टाकून तो दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवावा. डाग साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावेत. धुण्याची पावडर लावू नये आणि यंत्रात घालू नये. नंतर घट्ट गुंडाळी न करता उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून हवा द्यावी. हे काम आठवीच्या वर्गाकडे सोपवले तर सहलीआधीच निम्मे शिक्षण होऊन जाते.

जागेविषयी ग्रामस्थांना मी काय सांगावे? कोणत्या ओहोळाला कोठून पाणी येते, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. तंबू ठोकण्यापूर्वी वाडीवर जाऊन विचारावे, एवढेच शिक्षकांना सुचवतो. खोलगट, गवताळ, मऊ जागा मोहक वाटते, परंतु पहिले पाणी तेथेच साचते. नारळाखाली आणि वाळलेल्या फांद्यांखाली निजू नये. खाली ताडपत्री अंथरली असेल तर ती तंबूच्या काठाबाहेर एक बोटही येऊ देऊ नये. ती बाहेर राहिली तर फ्लायवरून ओघळलेले पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

बोलण्यापेक्षा पाहिलेले अधिक लक्षात राहते. बाहेर मैदानावर दोन तंबू उभारून ठेवले आहेत. एक मी वर्णन केलेल्या जातीचा आहे. दुसरा त्या रात्रीच्या तंबूंपैकी उरलेला आहे, संबंधित शाळेने तो आनंदाने दिला. मुख्याध्यापकांनी बागेची नळी जोडून दिली आहे. प्रत्येक तंबूत एक वर्तमानपत्र पसरून आपण पंधरा मिनिटे पाणी सोडू आणि मग दोन्ही वर्तमानपत्रे बाहेर काढून पाहू. आत बसून पाहण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी बूट ओसरीत काढून ठेवावेत. चला, ऊन कलते आहे, बाहेर जाऊ.